हळदीची पिवळी रेघ

(मिरज. रुग्णालयाचं मागचं आवार, सकाळची वेळ. स्टीलच्या डब्यातून कुणीतरी हळद काढतंय.)

सांगलीकरांना हळद काही नवी नाही. मार्केट यार्डात तिचे सौदे निघतात, पोत्यांच्या थप्प्या लागतात. मिरजेच्या या आवारात मात्र आज ती वेगळ्याच कामाला आली आहे. वॉर्डातल्या एका मामांच्या शर्टावर, केसांत, नखांत ती चोळली आहे. आजच्या सरावापुरते मामा रुग्ण आहेत आणि ही हळद म्हणजे किरणोत्सारी धूळ.

(आतली खोली. लॅपटॉप. पडद्यावर बारा-पंधरा चेहरे.)

सरावाला सुरुवात झाली ती इथून. एका चौकटीत 108 रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, दुसऱ्या चौकटीत ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर, तिसऱ्या चौकटीत कॅज्युअल्टीतले निवासी डॉक्टर. पडद्यावर काल्पनिक प्रसंग येतो. भंगारात आलेला एक जड, शिशाचा डबा कामगारांनी फोडलाय. एक जण माळ्यावरून पडलाय, मांडीतून रक्त वाहतंय. दोघांना उलट्या होताहेत. तीन मिनिटांत सांगा, पहिलं काम कोणतं?

उत्तरं भराभर येतात. किरणोत्सार मोजणारा मीटर मागवा. दार बंद करा. रुग्णाला बाहेरच थांबवा. शेवटी ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर लिहितात, "रक्त थांबवा."

बरोबर उत्तर तेच. श्वास, रक्तस्राव, नाडी आधी; मीटर नंतर. अंगावरची किरणोत्सारी धूळ माणसाला लगेच मारत नाही, मांडीतली फुटलेली धमनी मारते. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण 'रेडिएशन' हा शब्द कानावर पडला की वाचलेलं मागे पडतं आणि भीती पुढे होते. सराव आहे तो या भीतीसाठी.

एक फरक इथे नीट समजून घ्यायला हवा. उन्हात उभा राहिलेला माणूस घरात आला, तर सोबत ऊन घेऊन येत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूसही तसाच. त्याला हात लावल्यानं आपल्याला काही होत नाही. हळद लागलेला नवरदेव मात्र जिथे बसेल तिथे पिवळं करून ठेवतो. किरणोत्सारी धूळ वागते ती या हळदीसारखी.

(आवार. मास्क, गाऊन, दुहेरी ग्लोव्ह्ज घातलेल्या सिस्टर.)

"मामा, हलू नका हं. तोंड मिटून ठेवा."

शर्ट डोक्यावरून ओढायचा नाही, समोरून कापायचा. कडा बाहेरच्या बाजूला गुंडाळत न्यायच्या, म्हणजे धूळ आत राहते. मग सगळं पिशवीत. बाहेरचे कपडे असे जपून काढले, तर 90 टक्क्यांपर्यंत धूळ तिथेच जाते. उरलेली कोमट पाण्यानं आणि साबणानं. घासायचं नाही. कातडी सोलली तर धुळीला आत जायला वाट मिळते.

सिस्टर ग्लोव्ह्ज काढतात आणि थबकतात. मनगटावर एक बारीक पिवळी रेघ. गाऊनची बाही आणि ग्लोव्ह यांच्यामध्ये टेप लावायची राहून गेली होती. कुणी रागावत नाही. नवा गाऊन येतो, मामांना पुन्हा हळद लागते. लॅपटॉपवर सगळं शिकवता येईल, पण ही रेघ दाखवायला हळदच लागते.

असे प्रसंग क्वचितच घडतात, पण घडले आहेत. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत, 1985 पासून पडून असलेलं एका विद्यापीठाचं जुनं यंत्र भंगारात फोडल्याचं उघडकीस आलं. आत कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ होता. एकानं त्याचा तुकडा पाकिटात ठेवला होता. एका कामगाराचा जीव गेला. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात सीझियम-137 हा असाच किरणोत्सारी पदार्थ भंगारवाल्यांच्या हाती लागला. तिथे एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. दूषित निघाले 249, दगावले चार. बाकीचे लोक नुसत्या भीतीनं रांगेत उभे होते. त्यांनाही कुणीतरी धीरानं सामोरं जावंच लागलं.

डॉक्टरकीच्या आख्ख्या आयुष्यात असा एकही रुग्ण न येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून तो आधी पडद्यावर आणायचा. खरा स्रोत सरावाला आणता येत नाही, आणि ड्युटी सोडून सगळ्यांना प्रशिक्षणासाठी मुंबईला जाणंही जमत नाही.

(पुन्हा पडदा.)

पुढचा प्रश्न रक्ताचा. उलटी किती वाजता झाली ते लिहून ठेवा. जितकी लवकर, तितका किरणोत्साराचा डोस मोठा असण्याची शक्यता. रक्तातल्या पेशींची मोजणी लगेच, मग दर सहा तासांनी. पहिल्या दोन दिवसांत लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, किती वेगानं घसरतात, त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. एकच रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून रुग्णाला घरी पाठवायचं नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यात साधा. आता फोन कुणाला करणार?

पंधरापैकी चौघांनाच नंबर सांगता येतो.

(कॅज्युअल्टी. टेलिफोनच्या वरची भिंत. सिस्टर एक कागद चिकटवताहेत. त्यावर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि अणुऊर्जा नियामक मंडळ यांचे नंबर, मोठ्या अक्षरात. कागदाच्या कोपऱ्यावर हळदीचा अंगठा.)