फ्रिजमागची बारीक नळी

नमस्कार मंडळी. हल्ली पुण्यातून मोटरहोम घेऊन थेट मनाली, स्पितीपर्यंत जाणारे बरेच जण भेटतात, त्यांच्यासाठी आज खास बोलायचंय, गाडीतल्या फ्रिजमागे जी पाव इंची नळी असते ना, आइस मेकरला पाणी देणारी, तिच्याबद्दल.

पुण्यात कितीही थंडी पडली, अगदी पाषाणला स्वेटरवर शाल घ्यावी लागली तरी नळातलं पाणी काही गोठत नाही, त्यामुळे आपल्याला ही काळजी घ्यायची सवयच नाही. पण हिवाळ्यात अटल बोगदा ओलांडून केलाँगला मुक्काम केलात की रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि नळीत जागाच नसते, मग नळी नाहीतर व्हॉल्व्ह तडकतो. बर्फ आहे तोवर काही कळत नाही, कारण चीर बर्फानेच बुजलेली असते. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं, पंप चालू केला की गळायला लागतं, तेही फ्रिजच्या मागे, प्लायवूड फुगेपर्यंत कुणाला पत्ता नाही!

लोक टाकी रिकामी करतात, नळ उघडे ठेवतात आणि निश्चिंत होतात. पण फ्रिजचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह करंट मिळाला तरच उघडतो, म्हणून त्याच्या अलीकडचं पाणी तिथेच अडकून राहतं. त्यात बऱ्याच गाड्यांत तो बाहेरच्या जाळीच्या झाकणाआड असतो, म्हणजे तुम्ही आत हीटर लावून झोपलात तरी त्याला गार वारा थेट लागतो.

तर आधी आइस मेकर बंद करा, पंप बंद करा, फ्रिजच्या लाइनचा कॉक बंद करा. मग बाहेरचं झाकण काढून व्हॉल्व्हवरचा नट पान्याने सैल करा, खाली भांडं धरा, थोडंसंच पाणी येईल पण तेच घात करतं. फिल्टरही काढून ठेवा, त्यात पाणी राहतं. आणि रेडिएटरचं कूलंट या लाइनमध्ये कधीही घालू नका, कृपा करून नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. थंडी अडवायला जाळीत कापड कोंबणंही नको, गॅसवरच्या फ्रिजचा धूर तिथूनच बाहेर जातो.

थंडी नसली तरी घाटातल्या हादऱ्यांनी हे नट सैल होतात. परत बसवताना प्लास्टिकच्या आट्यांवर जोर करू नका, आणि नळीला थोडी ढील ठेवा. मग कोरडा टिश्यू सांध्याभोवती गुंडाळून कॉक उघडा, पंप चालू करा, सगळे नळ बंद ठेवा. टिश्यू ओला झाला, किंवा कुणी पाणी वापरत नसताना पंप मध्येच आपोआप घरघरला, तर कुठेतरी गळतंय, लगेच कॉक बंद करा आणि शोधा.