पाटाचं पाणी, नाईलचा गाळ

(पडद्यावर : खेळातली नाईल. पाणी चढतंय, काठची शेतं एकेक करून बुडतायत.)

घाबरू नका, हे नुकसान नाही. हा पूर यावा म्हणून तर मी ऑसिरिस देवाची जत्रा भरवली होती.

खेळाचं नाव ‘फॅरो’. प्राचीन इजिप्तमध्ये शहर वसवायचं, माणसं पोसायची, जमलं तर पिरॅमिड उभारायचा. 1999 साली इम्प्रेशन्स गेम्सनं तो काढला. 2023 मध्ये नवी चित्रं चढवून तो ‘फॅरो : अ न्यू एरा’ या नावानं पुन्हा आला. मी तो नागपुरात बसून खेळतो, मे महिन्यात, भरदुपारी, कूलरच्या तोंडाशी. बाहेर पारा पंचेचाळीसकडे निघालेला आणि इथे माझं गाव पुराची वाट बघतंय.

यात जमीन दोन जातीची. एक नदीकाठचा पूरपट्टा. तिथं घर बांधता येत नाही, फक्त शेत, रस्ता आणि पाट. वर्षातून एकच पीक, आणि तेही पूर येण्याआधी कापून घ्यायचं. दर कापणीला जमिनीचा कस उतरतो, पूर आला की पुन्हा भरतो. देव रुसला, पूर तोकडा आला, की पुढच्या वर्षी कोठार रिकामं. दुसरी जमीन उंचावरची. पूर तिथवर पोचत नाही. तिथं पाणी उचलून न्यावं लागतं : आडव्या बल्लीच्या एका टोकाला बादली, दुसऱ्याला मातीचा जड गोळा. इजिप्तमध्ये याला शादूफ म्हणतात. उचललेलं पाणी पाटात सोडायचं, आणि पाट शेताजवळून गेला की शेताची सुपीकता वाढते.

(पडद्यावर : माझी पहिली वसाहत. सगळीकडे निळ्या रेघा.)

हे वाचल्यावर मी काय केलं? दिसेल तिथं पाट खणले. शेत तीन बाय तीन चौकटींचं, पाट एका चौकटीचा. पाटांनीच जमीन खाल्ली, शेतांना जागा उरेना. वर प्रत्येक शेताला रस्ता हवा, नाहीतर मजूर पोचत नाहीत. मग शहाणपण आलं : शेतांच्या दोन रांगा, मधून एकच पाट, रस्ते बाहेरच्या अंगानं. एका पाटाचा दोन्हीकडे फायदा. सुपीकतेचा आकडा चढला आणि मी खूश.

खूश होतो, तेवढ्यात मामा आले. मामा मौदा तालुक्यातले कास्तकार, धानवाले. थोडा वेळ मागे उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, “काहून बापू, पाटाच्या पाण्यानं वावराचा कस वाढते का? पाण्यानं पीक वाढते. कस वाढवाले शेणखत लागते, नाहीतर गाळ.”

मी म्हटलं, खेळ आहे मामा. पण मनात ते राहिलंच.

(पडद्यावर : नवेगाव खैरीहून निघालेला कालवा, काठावर गवत.)

मामांच्या बांध्यांना पेंचचं पाणी. तोतलाडोहला अडवलेलं पाणी खाली नवेगाव खैरीला येतं, तिथून उजवा आणि डावा असे दोन कालवे सुटतात. नागपूरकरांच्या नळालाही त्याच पेंचचं पाणी. पण धरणात पाणी थांबलं की गाळ तळाशी बसतो, आणि कालव्यात उतरतं ते बऱ्यापैकी नितळ पाणी. ते ओल देतं. धान उभं राहतं, रब्बीचीही सोय होते. माती मात्र ते घेऊन येत नाही.

नाईलचं नेमकं उलटं होतं. निळी नाईल इथिओपियाच्या डोंगरातून काळा गाळ आणायची, आणि पूर तो हजारो वर्षं शेतांवर पसरत आला. 1970 मध्ये अस्वानचं उंच धरण पुरं झालं. पूर थांबला, गाळ नासर सरोवरात अडकला. बारमाही पाणी मिळालं, पिकं वाढली, आणि कस राखायला रासायनिक खताची पोती आली. म्हणजे खेळातल्या पूरपट्ट्याचा हिशेब पक्का आहे. गडबड पाटापाशी आहे : ओल आणि कस, दोन्ही एकाच आकड्यात कोंबलेत. मला विचाराल तर ही लबाडीच, पण खेळ चालायला लागते तेवढी.

आपल्याकडे गाळ लोकांना नवा नाही. पूर्व विदर्भातल्या मामा तलावांचा गाळ उपसून वावरात टाकतात. (हे मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले; माझे नव्हेत.) उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर पेरतात, तिला गाळपेर म्हणतात. पाणी हटलं की पेरायचं, हीच तर इजिप्तची जुनी रीत.

एक गोष्ट मात्र खेळात मुळीच नाही : जास्तीचं पाणी. आपली काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, पाणी आत मुरायला नाखूश. सतत पाणी देत राहिलं की जमीन चिबडते, म्हणजे पाणथळ होते. निचरा नसेल आणि क्षार वर आले तर चोपण होते, म्हणजे क्षारांनी बिघडते. मातीचा नकाशा काढणाऱ्या देशाच्या संस्थेचं मुख्यालय, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो, नागपुरातच अमरावती रोडवर आहे. फॅरोच्या कारागिरांनी एकदा तिथं चक्कर मारायला हवी होती.

(पडद्यावर : मामांच्या हातात माऊस.)

मामांनी माझी रांग नीट बघितली. पाटावर बोट ठेवून शेवटपर्यंत नेलं.

“पाणी येते इकडून. जाते कुठून?”

कुठूनच नाही, म्हटलं.

“मंग एक पाट बुजव,” म्हणाले, आणि धानाला किती दिवस लागतात ते विचारू लागले. या खेळात धान नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.