धावरे, चिखल्या आणि गळू

मंडळी, भातलावणीच्या दिवसांत एक तक्रार हमखास येते. रात्री हुडहुडी भरून ताप आला, जांघेत अवधाण आलं आणि सकाळी एक पाय गुडघ्यापर्यंत लाल, गरम, टम्म सुजलेला. जुनी माणसं याला धावरे म्हणतात. संसर्ग त्वचेखालच्या चरबीपर्यंत उतरला, की डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतात. उपचार जवळजवळ तोच.

काही लागलं नाही, काटा मोडला नाही, मग हे आलं कुठून? करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी फाकवून बघा. कातडी पांढरी, भिजून फुगलेली, आणि तिच्या तळाशी केसाएवढी चीर. या चिखल्या. पायाकडे बघताना ही जागा नेमकी राहून जाते. बुरशीने कातडी फोडलेली असते आणि त्या फटीतून स्ट्रेप्टोकोकस जंतू आत शिरतो. हत्तीरोगाने सुजलेल्या पायाला पुन्हापुन्हा ताप येतो, तोही बहुतेक वेळा याच वाटेने.

सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तळहात उलटा करून दोन्ही पायांना लावून बघा, ऊब लगेच कळते. दोन्ही पाय एकदमच लालसर असतील तर ते सहसा धावरे नसतं. शिरांचा किंवा त्वचेचा दुसरा विकार असतो आणि अँटिबायोटिक फुकट जातं.

साध्या दुखण्यात डॉक्टर बहुधा सेफालेक्सिन हे अँटिबायोटिक देतात, प्रौढांना 500 मिलिग्रॅम दिवसातून 4 वेळा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. सुधारणा होत असेल तर 5 दिवस पुरतात. गोळ्यांइतकंच पाय उंच ठेवणं महत्त्वाचं आहे, आणि उंच म्हणजे स्टुलावर नव्हे. आडवं पडून, खाली उशा घेऊन, छातीपेक्षा वर. पहिल्याच दिवशी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. पहिले 24 ते 48 तास लाली रेघेबाहेर थोडी सरकू शकते. ताप आणि दुखणं उतरत असेल तर औषध बदलायची घाई नको. त्यानंतरही पुढे जात असेल तर परत दाखवा.

पाय बरा झाला तरी चिखल्या तशाच राहिल्या, तर दुखणं परत येतं. रोज संध्याकाळी साबणाने पाय धुवा आणि सुती कापडाने प्रत्येक बेचकी टिपून कोरडी करा. क्लोट्रिमॅझोल 1 टक्का मलम दिवसातून 2 वेळा, 2 ते 4 आठवडे लावा. कातडी चांगली दिसू लागली की लोक चौथ्या दिवशी मलम सोडतात आणि बुरशी पुन्हा डोकं वर काढते. गमबूट घालत असाल तर रात्री उलटे टांगून वाळवा.

गळवाचं गणित वेगळं. तिथे जंतू बहुधा स्टॅफिलोकोकस, आणि तो पुवाच्या पिशवीत कोंडलेला. त्या पिशवीत रक्तपुरवठा नसल्यामुळे औषध पुरेसं पोचत नाही. म्हणून पिकलेलं गळू डॉक्टरांकडून चिरून घ्यायचं. आतले कप्पे मोडून पू निघाला की ठणका तासाभरात उतरतो. लहान केसतोड असेल तर कोमट पाण्याच्या घडीने 10-15 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा शेका. पिळू नका, पू आत पसरतो. मधुमेहाने पाय बधिर असेल तर शेकूच नका. भाजलेलं कळत नाही आणि नवी जखम होते.

आता सर्वांत गंभीर प्रकार. कातडी जेमतेम लाल, पण वेदना असह्य. काही तासांत रंग जांभळट-काळसर, फोड, दाबल्यावर कुरकुर, आणि मग दुखणारी जागाच बधिर. संसर्ग स्नायूंवरच्या आवरणातून पसरत असतो आणि मेलेला भाग कापून काढल्याशिवाय कुठलंही अँटिबायोटिक त्याला थांबवू शकत नाही. इथे वेदनाशामक सुई घेऊन सकाळची वाट बघू नका, तिने लक्षणं झाकली जातात. शस्त्रक्रियेची सोय असेल अशाच रुग्णालयात थेट न्या, आणि वाटेत काही खायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल.