दंड पाचपट, फुंक तेवढीच

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना आणखी कडक शिक्षा हवी का? सभागृहात शिरता शिरता दोघातिघांनी मला उत्तर देऊनही टाकलं. ‘सरळ दहा वर्षं आत टाका, विषय संपला.’ पुण्यातल्या माणसाला १९ मे २०२४ नंतर असं वाटलं नाही तरच नवल. कल्याणीनगरला त्या रात्री दोन तरुण इंजिनिअर गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा. काही तासांत जामीन, आणि जामिनाची एक अट काय, तर तीनशे शब्दांचा निबंध. त्या निबंधावर इतके विनोद झाले की मूळ गोष्ट मागे पडली. मूळ गोष्ट म्हणजे रक्ताचा नमुना. सरकारी रुग्णालयात तो बदलला गेल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून मी ‘आरोप’ एवढंच म्हणतो. पण शिक्षा दोन वर्षांची असो की वीस, ती उभी असते त्या एवढ्याशा कुपीवर. कुपीच बदलली तर पुढचं कलम कितीही कडक असून काय उपयोग?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घरी जायचंय त्यांना जाता येईल. शिक्षा वाढवायला माझा विरोध नाही. पण सापडण्याची खात्री न वाढवता नुसती शिक्षा वाढवली, तर ती कामही करत नाही आणि न्यायाचीही राहत नाही. कारण मग ती फक्त ज्याला निसटता येत नाही त्याच्याच वाट्याला येते.

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. हे तीस म्हणजे किती, ते बहुतेकांना माहीत नसतं. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी साठ मिलिचा एक पेग घेतला तरी तो तीसच्या पुढे जाऊ शकतो. ‘मी काय, दोनच घेतो’ म्हणणारे आपले मित्र कायद्याच्या हिशेबात केव्हाच पलीकडे गेलेले असतात. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ऐंशी आहे. म्हणजे कागदावर आपण साहेबापेक्षा कितीतरी कडक! २०१९ पर्यंत पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड झाला दहा हजार. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. आपल्या राज्य सरकारने तेव्हा वाढीव दंडाबाबत हात आखडता घेतला होता, पण १८५ चं प्रकरण रस्त्यात चलन फाडून मिटत नाही, ते कोर्टातच जातं.

कोर्टात ते कसं दिसतं? शनिवार-रविवारच्या रात्रींची माणसं पुढे तारखेला एकदमच येतात. प्रत्येकाच्या कागदाला श्वास तपासणाऱ्या यंत्रातून निघालेली छोटी चिठ्ठी टोचलेली असते, तिच्यावर आकडा. नाव पुकारलं की माणूस हात जोडून पुढे येतो. ‘गुन्हा कबूल आहे?’ ‘आहे साहेब.’ दंड, आणि बऱ्याचदा कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय, तर मोबाइल बंद करून मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहायचं. त्या बाकावर मी टेम्पोवाले पाहिलेत, रंगारी पाहिलेत, खाणं पोचवणारी पोरं पाहिलीत. एका रंगाऱ्याच्या नखांत डिस्टेंपर तसाच होता. मुकादमाकडून उचल घेऊन आला होता आणि शेजारच्याला हळूच विचारत होता, दंड हप्त्याने घेतात का. मोठ्या गाडीवालेही असतात, नाही असं नाही. ते दंड भरतात आणि घड्याळ बघत बसतात. दोघांना दंड एकच. पूर्वी कलमात ‘दोन हजारांपर्यंत’ असे शब्द होते, न्यायाधीशाला माणूस बघून कमीजास्त करता यायचं. आता सरसकट दहा हजार. एकाचा महिना बसला, दुसऱ्याच्या एका संध्याकाळचं बिलही नाही.

फिनलंडमध्ये यावर तोडगा आहे. तिथे अशा गुन्ह्यांत दंड ठरतो तो माणसाच्या दिवसाच्या कमाईवर. नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला मोटारसायकल वेगात नेल्याबद्दल लाखभर युरोंच्या वर दंड बसल्याची बातमी २००२ साली जगभर झाली होती. आपल्याकडे अर्धीअधिक कमाई कागदावर नसते, त्यामुळे ही पद्धत इथे उद्या आणणं सोपं नाही, हे मला कळतं. पण परवाना तर सगळ्यांचा सारखाच असतो ना? सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच राज्यांना सांगितलं होतं, की दारू पिऊन चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. पैसेवाल्याला दंड झोंबत नाही, गाडी बंद झाली की झोंबते. मात्र ज्याचं पोटच गाडीवर आहे त्याला ती दुप्पट झोंबते, हेही खरंच. तरी मी म्हणेन की दंडापेक्षा निलंबन बरं. निदान तेवढे दिवस तो माणूस रस्त्यावर नसतो.

आता परिणामाकडे येऊ. शिक्षेचा धाक तिच्या आकारात नसून ती चुकत नाही या खात्रीत असतो, हे बेकारिया नावाच्या इटालियन गृहस्थाने १७६४ साली लिहून ठेवलंय. रस्त्यावर तो तंतोतंत खरा ठरला. ऑक्टोबर १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये श्वासचाचणीचा कायदा आला. एवढा गाजावाजा झाला की लोकांना वाटलं, आता चौकाचौकात पोलीस नळी घेऊन उभा असणार. अपघात झपाट्याने उतरले. मग हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं, की फुंकायला लावणारा काही भेटत नाही, आणि पहिले पाढे पंचावन्न. लॉरेन्स रॉस या अमेरिकी अभ्यासकाने हा चढउतार फार बारकाईने मांडला आहे. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये मर्यादा ऐंशीवरून पन्नासवर आणली. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर तपासलं, तर अपघात काही कमी झालेले नव्हते. नियम आवळला, पण त्यामागे तपासणी तेवढ्या जोराने वाढली नाही.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स. तिथे डिसेंबर १९८२ मध्ये सरसकट तपासणी सुरू झाली. संशय असो-नसो, गाडी थांबवली की फुंक. बिशप असो, बारमालक असो. गाड्या मोठ्या संख्येने आणि वर्षभर अशा थांबवल्या गेल्या, की बाहेर पडताना माणूस शिक्षेचा नाही, आज वाटेत गाठ पडेल का याचा विचार करू लागला. प्राणघातक अपघात घटले, आणि ब्रिटनसारखे लगेच पुन्हा चढले नाहीत.

आपल्याकडे काय? आपल्याकडे नाकाबंदीचं पंचांग आहे. थर्टी फर्स्ट, धुळवड, गटारी. त्या रात्री अमुक पुलाखाली बॅरिकेड लागणार हे पिणाऱ्याला पोलिसाइतकंच पाठ असतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोप फिरतो, ‘पुढे उभे आहेत, आतल्या गल्लीने या.’ गल्लीबोळातून दारू प्यालेल्या माणसाला वळवणारी ही व्यवस्था आपणच चालवतो, सुशिक्षित माणसं, आणि दुसऱ्या दिवशी कडक कायद्याची मागणी करतो. (जाता जाता : आपल्या राज्यात कायद्याने दारू प्यायलाही परमिट लागतं, आणि बिअर-वाइन सोडून बाकी दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं. तुमच्यापैकी किती जणांनी परमिट काढलंय, हे मी विचारत नाही.)

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आपल्या कायद्याचं कलम २०३ वाचा. गणवेशातल्या पोलिसाला फुंक मारायला सांगता येतं ते कधी? तर चालक प्यायलेला असल्याचा वाजवी संशय असेल तर. ऑस्ट्रेलियासारखं ‘जो येईल त्याला’ असं त्यात लिहिलेलं नाही. मग शिपाई आधी काच खाली घ्यायला लावतो, वास घेतो, डोळ्यांकडे बघतो आणि ठरवतो. इथे दुजाभाव शिरतो. स्कूटरवाल्याचा वास चटकन येतो. एसी गाडीची काच खाली यायलाच वेळ लागतो, आणि आतून कुणाचा तरी फोन पुढे केला जातो. २०१९ साली दंडाचे आकडे वाढवताना या शब्दांना हात लावला असता तर जास्त माणसं वाचली असती, असं माझं मत आहे.

सापडण्याची खात्री किती कमी आहे, ते सरकारी आकड्यांतही दिसतं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले दारूमुळे अडीच टक्क्यांच्या आसपास, असं केंद्राचा अहवाल सांगतो. सत्तर टक्क्यांहून जास्त खापर अतिवेगावर. मला हे पटत नाही. अहवाल खोटा आहे असं म्हणणं नाही. पण पंचनाम्यात जे लिहिलं जातं तेच बेरजेत येतं, आणि ‘अतिवेग’ लिहायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. शिक्षा वाढली की पळण्याचा फायदा वाढतो. जुलै २०२४ मध्ये वरळीला गाडीखाली एक बाई गेल्या. आरोपी पोलिसांच्या हाती लागला तो दोन दिवसांनी. खटल्याचं जे व्हायचं ते होवो, हिशेब तुम्हीच करा. शरीर तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागे साधारण पंधरा मिलिग्रॅम अल्कोहोल उतरवतं. रक्तात एकशे दहा असलेला माणूस सहा तासांच्या आत तीसच्या खाली येतो. म्हणजे जो जागेवर थांबला, जखमीला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला, त्याच्या रक्तात दारू सापडणार. जो पळाला, त्याच्या रक्तात काय सापडणार? आणि पळायला काय लागतं? लपायला जागा, दुसरी गाडी, रात्री दोन वाजता फोन उचलणारा वकील. रंगाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

जपानला हा अनुभव आपल्या आधी आला. ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओका शहरात पालिकेच्या एका प्यायलेल्या कर्मचाऱ्याने धडक देऊन एका कुटुंबाची गाडी पुलावरून समुद्रात घातली, तीन लहान मुलं बुडाली. तो तिथून निघून गेला आणि मित्राकडून पाणी मागवून घटाघटा प्यायला, नशा कमी दिसावी म्हणून. देश हादरला. पुढच्याच वर्षी त्यांनी चालकाबरोबर दारू देणारा, गाडी देणारा आणि शेजारच्या सीटवर बसणारा यांनाही शिक्षेच्या कक्षेत आणलं. पुढे २०१३ मध्ये आणखी एक कायदा केला : अपघातानंतर नशा लपवण्यासाठी पळणं किंवा वर आणखी दारू पिणं हा स्वतंत्र गुन्हा, बारा वर्षांपर्यंत कैद. याला मी अक्कलहुशारीने वाढवलेली शिक्षा म्हणतो. ती पळण्याचा फायदाच काढून घेते.

आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ च्या दुसऱ्या भागात थोडंफार तसंच आहे. माणूस मेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा नेमका तो भाग बाजूला ठेवला गेला. ट्रकवाल्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते म्हणत होते, थांबलो तर जमाव मारतो. मग तोडगा असा काढता आला असता, की पुढच्या पोलीस ठाण्यापर्यंत जा, पण ठरावीक वेळात हजर व्हा आणि फुंक मारा. तसं न करता कलमच गुंडाळून ठेवलं.

‘दहा वर्षं टाका’ म्हणणाऱ्यांना शेवटी एक सांगायचं आहे. दहा वर्षांची तरतूद आधीपासून होती. नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड. फुटपाथवर झोपलेले मजूर. सात गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात दारू सापडली. सत्र न्यायालयाने दिले सहा महिने आणि पाच लाख दंड. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचं कलम लावून तीन वर्षं केली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि वर नमूद केलं की ही शिक्षा तोकडी आहे. मग वाढवली का नाही? सरकारने वाढीसाठी अपीलच केलं नव्हतं.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, एकच घेतो. कुणीतरी थेट विचारलंय, ‘तुम्ही अशा आरोपींची वकीलपत्रं घेता का?’ घेतो. आणि यांतल्या काहींना सोडवतोही. कशावर सोडवतो, तर यंत्राच्या तपासणीचं प्रमाणपत्र मुदतीतलं नसतं, नमुना कुणी कुणाच्या हातात दिला याची नोंद नसते, कुपीवरच्या सीलचा आणि कागदाचा मेळ बसत नाही. ज्यांना माझ्यासारखा वकील परवडत नाही, ते ‘कबूल आहे साहेब’ म्हणून बाकावर जाऊन बसतात. सरकारने ती प्रमाणपत्रं आणि त्या नोंदी तेवढ्या वेळेवर कराव्यात. माझी चार वकीलपत्रं कमी झाली तरी चालतील.