दोन ग्राफिक्स कार्डं, एकच स्क्रीन

जून 2012. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्स ही संगणक-प्रणाली सुरू करणाऱ्या लिनस टॉर्वाल्ड्स यांना श्रोत्यांमधल्या एका स्त्रीनं प्रश्न विचारला. तिनं ऑप्टिमस ही दोन ग्राफिक्सची सोय असलेला लॅपटॉप घेतला होता, लिनक्सवर तो धड चालत नव्हता आणि ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीकडून मदत मिळत नव्हती. लिनसनी कॅमेऱ्याकडे वळून दाखवलेलं मधलं बोट जगभर गाजलं. तिचा प्रश्न मात्र मागे पडला. मी आज त्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

ऑप्टिमस 2010 मध्ये आलं. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स: एक प्रोसेसरमधलंच, कमी वीज खाणारं, दुसरं एन्व्हिडियाचं, ताकदीचं पण बॅटरी संपवणारं. बहुतेक मॉडेलांत लॅपटॉपची स्क्रीन पहिल्याला जोडलेली असते. म्हणजे दुसऱ्यानं काढलेलं चित्र पहिल्याच्या हाती पोचलं, तरच ते तुम्हाला दिसणार. सगळी अडचण या पोचवण्यात आहे.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्यासाठी डीएमए-बफ नावाची सोय 2012 मध्येच आली, पण ती फक्त जीपीएल या खुल्या कोडच्या परवान्याखालच्या ड्रायव्हरांसाठी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर तेव्हा बंदिस्त, म्हणजे त्याचा कोड गुप्त. त्याच वर्षी कंपनीच्या एका अभियंत्यानं ही अट सैल करणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला आणि अ‍ॅलन कॉक्स या कर्नलच्या जुन्या विकसकांनी त्याला विरोध केला. ज्यांनी आपला कोड जीपीएलखाली दिला, त्यांच्या संमतीशिवाय अट बदलायची कशी? मला कॉक्स यांचं म्हणणं पटतं. पण त्याची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली, हेही मी विसरू शकत नाही. तोवर स्वयंसेवकांचा बम्बलबी हाच अनेकांचा आधार होता. दुसऱ्या कार्डावर वेगळा एक्स सर्व्हर (लिनक्सवर चित्र दाखवणारा प्रोग्रॅम) चालवायचा आणि तयार चित्र उचलून पहिल्याकडे आणायचं. 2011 मध्ये त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक स्पेस जादा पडली आणि लोकांचं अख्खं यूएसआर फोल्डर, जिथे बहुतेक प्रोग्रॅम असतात, पुसलं गेलं. तरीही लोक तो वापरत राहिले, इतकी गरज होती.

हवा तो एकच प्रोग्रॅम दुसऱ्या कार्डावर चालवण्याची सोय एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये 2019 मध्ये, 435 मालिकेत आली. नऊ वर्षं लागली. मे 2022 मध्ये कंपनीनं कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचे कर्नलला जोडले जाणारे भाग, खुली केली, तीही ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी.

आता अपडेटकडे येतो. एका विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टच्या सादरीकरणाला प्रोजेक्टर लागेचना. लॅपटॉपची स्क्रीन व्यवस्थित, एचडीएमआय मात्र मेलेलं. आदल्या रात्री कर्नल अपडेट झाला होता. नव्या कर्नलचे हेडर, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फायली, आलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या डीकेएमएसला ते बांधता आलं नाही, आणि तिच्या लॅपटॉपचं एचडीएमआय एन्व्हिडियाच्या कार्डाला जोडलेलं. रडकुंडीला आलेल्या त्या मुलीला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं. तिचं काहीही चुकलं नव्हतं. म्हणून सांगतो, अपडेटनंतर रीबूट करण्याआधी डीकेएमएसची स्थिती बघा. सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासाची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय, चालू असेल तर मॉड्यूलवर सही आहे का, सहीची किल्ली एमओके या विश्वासातल्या किल्ल्यांच्या यादीत नोंदवली आहे का, तेही बघा. आणि जुना कर्नल पुसू नका; बूट मेन्यूत तो असला की परत फिरता येतं.

शेवटी जीटीएक्स 1050सारख्या, ट्युरिंगच्या आधीच्या पास्कल पिढीतल्या कार्डांबद्दल. माझा जीव यांच्यात अडकलाय. 580 ही त्यांना आधार देणारी ड्रायव्हरची शेवटची मालिका. खुली मॉड्यूल त्यांच्यावर चालत नाहीत. नूवो हा खुला ड्रायव्हर चालतो, पण कंपनीनं सही केलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) लागतं या अटीमुळे कार्डाचा वेग वाढवू शकत नाही, त्यामुळे ते रांगतं. चांगली यंत्रं आहेत ही. पुष्कळ घरांत मुलं त्यांच्यावर शिकताहेत. तुमच्यापैकी कुणाकडे असा लॅपटॉप असेल तर व्याख्यानानंतर थांबा. ड्रायव्हर 580 वरच राहील अशी व्यवस्था आपण आत्ताच करून ठेवू.