गळतंय कुठून?

(दृश्य : पांढऱ्या सदऱ्याचा खिसा. खाली पसरत गेलेला निळा डाग.)

हा डाग चित्रणासाठी पाडलेला नाही. सदरा आमच्या कॅमेरामनचा, शाईचं पेन चाळीस रुपयांचं, आणि दिवस चित्रणाचा पहिलाच.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पेनं विकणारी दुकानं हवी तेवढी सापडतात. दुरुस्त करून देणारे हात मात्र शोधावे लागतात. हे त्यांतलेच दोन, एका काकांचे. काकांनी एकच अट घातली होती, चेहरा दाखवायचा नाही. तेव्हा इथून पुढे हातच बघायचे आहेत.

टेबलावर पाच पेनं. सगळी शंभर रुपयांच्या आतली, सगळी गळकी. त्यांत कॅमेरामनचं हे हिरवं, आरपार दिसणारं.

(दृश्य : टिश्यूच्या पट्ट्या, रबरबँड.)

काका पेन आधी उघडत नाहीत, झटकतही नाहीत. पुसतात. टोपणाच्या आतून, निबेच्या मुळाशी, आट्यांवरून, थेट शेपटीपर्यंत. सगळं कोरडं झालं की टिश्यूच्या तीन चिंचोळ्या पट्ट्या गुंडाळायच्या. एक निबेच्या मुळाशी, एक जोडावर, एक शेपटीला. मग पेन आडवं ठेवून द्यायचं.

"बोटं निळी झाली की लोक निबेला शिव्या घालतात," काका म्हणतात. "शाई आलेली असते भलतीकडूनच."

हिरवं पेन रात्रभर असंच राहील. तोवर बाकीची चार.

(दृश्य : मुठीत धरलेलं पेन, निब खाली. टोकाशी फुगणारा थेंब.)

हा थेंब नीट बघा. पेन हलवलेलं नाही, दाबलेलं नाही. नुसतं मुठीत धरलंय. टोकाशी शाई जमते, गोल होते, जरा लोंबते... आणि पडली.

हे ड्रॉपरनं भरायचं पेन. आत नळी नाही, पंप नाही, अख्खी दांडी हीच शाईची टाकी. शाई संपत जाते तशी वरची जागा हवा घेते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि खालच्या शाईला बाहेर ढकलते. आत २ मिलिलिटर हवा असली आणि ती १० अंशांनी तापली, तर सुमारे ०.०७ मिलिलिटरनं वाढते. थेंब असतो साधारण ०.०५ मिलिलिटरचा. म्हणजे एक थेंब पडणार, आणि दुसरा यायच्या बेतात असणार. काठोकाठ भरलेलं पेन असं गळत नाही, तळाला गेलेलं गळतं. उथळ पाण्याला खळखळाट फार! उपाय फुकटातला : शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की भरून टाकायची. या पेनाला दुसरा कसलाही रोग नाही. तरी ते निघालं होतं कचऱ्याच्या डब्यात.

(दृश्य : काचेचा पेला. पाण्यात निब आणि जीभ. शाईचे धागे तळाकडे उतरताहेत.)

हे चित्र आम्ही गरजेपेक्षा लांबवलंय, कबूल आहे.

निबेच्या खालची ही काळी जीभ. पेनाची सगळी करामत हिच्यात. हिच्या खाचेतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. ही देवाणघेवाण बिघडली की पेन एकतर कोरडं पडतं, नाहीतर ओकतं. कडेचे फणीसारखे दाते नक्षीचे नाहीत. जास्तीची शाई त्यांच्यात थोपून राहते. अमेरिकेत लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतलं ते खाचा पाडलेल्या जिभेचं. ऐन विम्याच्या करारावर पेन गळलं म्हणून ते या खटाटोपात पडले, असं सांगतात. गोष्ट रंगतदार आहे, खरी असेलच असं नाही.

या दुसऱ्या पेनात दाते मुळातच उथळ, त्यात वाळलेल्या शाईनं बुजलेले. धुवायला साधं गार पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, जुना मऊ टूथब्रश. स्पिरिट लावायचं नाही, त्यानं काही प्लॅस्टिकला तडे जातात. पाणी ज्या बाटलीतून ओततायत तिच्यावर उंट दिसतोय? हा उंट कॅम्लिनचा. तिच्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत धंदा सुरू केला तो घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्यांवर. उंट मागाहून आला.

(दृश्य : भिंगाखाली निब. मग वाफ, आणि चिमटीत धरलेली जीभ.)

तिसरं पेन. निब आणि जीभ यांच्यात केसाएवढी फट, तिथून शाई वाट फुटेल तशी येते. जीभ एबोनाइटची आहे, म्हणजे कडक केलेल्या रबराची. गरम पाण्यात मिनिटभर धरली की जरा नरमते. मग चिमटीत दाबून धरायची, गार होईपर्यंत. फट मिटली. प्लॅस्टिकच्या जिभेवर काका हा प्रयोग करत नाहीत.

चौथ्याला बोटांनी धरायच्या जागीच तडा गेलाय. कुणीतरी झटपट चिकटवणारा गोंद लावून पाहिला, त्याचा पांढुरका डाग तेवढा राहिलाय. इथे काकाही हात टेकतात. वह्या खराब होतात, मुलं बोलणी खातात आणि बॉलपेनवर जातात, ते अशा पेनांमुळे.

विमानातही पेन गळतं, कारण वर हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा फुगते. तिथलं चित्रण आमच्याकडे नाही. पेन पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामं ठेवा, निब वर.

(दृश्य : सकाळ. हिरवं पेन, तीन पट्ट्या.)

निबेजवळची पट्टी कोरी. शेपटीची कोरी. मधली, खालच्या अंगाला, निळी.

म्हणजे आटे. स्वस्त पेनात आटे सैल पडतात आणि शाई त्यांच्या वळणावळणानं बाहेर येते. त्यावर कुणी साबण फासतं, कुणी मेण, कुणी दोरा गुंडाळतं. नळाची पांढरी टेपही चालते, पण जाड बसली तर पातळ दांडी चिरते. पेट्रोलियम जेली नको. आत रबरी वॉशर असेल तर तो फुगतो. काका लावतात सिलिकॉन ग्रीस. किती? काडीपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल इतकं. आट्यांवर गोल फिरवायचं, पेन बेतानं आवळायचं, बाहेर आलेलं पुसून घ्यायचं. निबेकडे त्यातलं काही जाऊ द्यायचं नाही.

पैसे झाले वीस रुपये.

(दृश्य : सदऱ्याचा खिसा. त्याला लागणारं हिरवं पेन.)

कॅमेरामननं पेन पुन्हा खिशाला लावलंय. सदरा मात्र आज गडद निळा आहे.