आधी वेळ लिहा: घरच्या व्हिडिओ सर्व्हरचं कनेक्शन का तुटतं

मंडळी, नमस्कार. एवढ्या पावसात आलात, खूप बरं वाटलं. मागे आवाज येतोय ना? विषय फळ्यावर लिहिलाय, आणि इथल्या बऱ्याच जणांच्या घरी जेलीफिन किंवा प्लेक्स, म्हणजे आपले व्हिडिओ घरच्याच कॉम्प्युटरवरून टीव्हीवर पाठवणारे प्रोग्राम, चालू आहे हे मला माहितीये, त्यामुळे सर्व्हर म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. मला मनापासून एकच सांगायचंय आणि ते आधीच सांगून टाकतो: व्हिडिओ मधेच तुटला की कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी घड्याळ बघा आणि वेळ वहीत लिहा. साधी शाळेची वही चालेल. हे मला कुणी शिकवलं नाही, चार महिने त्रास काढून कळलंय, म्हणून तो त्रासच आधी सांगतो.

आमच्या बाबांकडे हँडीकॅम होता, मिनी डीव्ही टेपवाला. बाबा गेल्यावर कपाटात ४१ टेप सापडल्या, लग्नं, मुंजी, आईच्या भजनी मंडळाचे कार्यक्रम, गावच्या घराचं अंगण जे आता राहिलेलं नाही. एका तासाच्या टेपची फाइल साधारण १३ जीबी होते, कारण डीव्ही नुसतं चित्रच सेकंदाला २५ मेगाबिटने रेकॉर्ड करतं, आवाज वेगळा, म्हणजे सगळं मिळून पाचशे जीबीच्या वर. एका जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन बसवलं. जेलीफिनच का, तर २०१८ मध्ये एम्बी या तसल्याच प्रोग्रामवाल्यांनी आपला कोड बंद केला तेव्हा काही लोकांनी त्याच्या उघड्या कोडवरून हे वेगळं उभं केलं, आणि बाबांचे व्हिडिओ मला अशाच जागी ठेवायचे होते जिथे उद्या कुणी कुलूप लावणार नाही. यावर मी तासभर बोलू शकतो पण आज नको.

तर आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की टीव्हीसमोर बसायची आणि भजनाची टेप लावायची. त्यात तिच्या दोन मैत्रिणी दिसतात ज्या आता नाहीत. आणि अभंग अगदी रंगात आला की चित्र थांबायचं, टीव्हीवर पाटी, सर्व्हरशी संपर्क होत नाही. आई हाक मारायची, "अरे, परत अडकलं रे." मी धावत जाऊन बघायचो तर सर्व्हर चालू, राउटर चालू, माझ्या लॅपटॉपवर तोच व्हिडिओ मस्त चाललेला.

आता माझी एक तक्रार आहे ती ऐकाच. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन केला, नाव घेत नाही, तर ते म्हणाले प्लॅन वाढवा. ओळखीतल्या तिघांनी पण हेच सांगितलं, स्पीड कमी पडतोय. अहो, कपाटातल्या सर्व्हरवरून हॉलमधल्या टीव्हीवर जाणारा व्हिडिओ घराबाहेर पडतच नाही! इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी तो चालायला हवा. पण मीही तेव्हा घाबरलेलो होतो, आईचा चेहरा बघवत नव्हता, मी प्लॅन वाढवला, मग राउटर नवा आणला, मग जेलीफिन काढून परत टाकलं आणि टेपांना लावलेली सगळी नावं-तारखा त्यात गेल्या. ती परत भरायला दोन रविवार लागले.

शेवटी आईनेच सांगितलं. म्हणाली, "रोज सात वाजताच कसं रे अडकतं?" तेव्हा वही काढली. पहिल्या दिवशी ७:०२, दुसऱ्या दिवशी ७:०१, मग ७:०३, रविवारी ८:३०. आमच्या सोसायटीत टाकीची मोटर वॉचमन सातला लावतो आणि रविवारी साडेआठला, हे मला बिछान्यात पडल्या पडल्या आठवलं आणि मी उठूनच बसलो.

सर्व्हरवर डी-मेसेज काढून बघितलं, म्हणजे लिनक्स कर्नलची नोंदवही, तर त्याच वेळांना ओळी होत्या, लिंक इज डाउन, आणि तीन सेकंदांनी लिंक इज अप. म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला समोरची वायर मेल्यासारखी वाटत होती. वायर कुठे जाते तर माळ्यावर ठेवलेल्या पाच पोर्टच्या छोट्या नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या डबीत. सर्व्हर आणि राउटर इन्व्हर्टरवर होते, हा स्विच मात्र साध्या प्लगवर, आणि त्याचा पाच व्होल्टचा अडॅप्टर दहा वर्षं जुना. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, क्षणभर व्होल्टेज पडतं, तुमच्याकडेही दिवे तेव्हा किंचित मंद होत असतील, तेवढ्यात तो म्हातारा अडॅप्टर दम टाकायचा आणि स्विच रीस्टार्ट. लिंक गेली की टीव्हीवरचं ॲप लगेच हात वर करतं, वाट बघत नाही. लॅपटॉपने तेव्हा बराचसा व्हिडिओ आधीच खेचून ठेवलेला असायचा, तीन सेकंद त्याला जाणवायचे पण नाहीत. नवा अडॅप्टर घेतला, इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकला. त्या संध्याकाळी आईने पूर्ण टेप बघितली, भैरवीपर्यंत.

चिठ्ठी आली, पंधरा मिनिटं उरलीत म्हणतायत. अर्धा वेळ मोटरीतच गेला, पण ते सांगायलाच हवं होतं. आता भराभर सांगतो, लिहून घ्या.

वहीत वेळ ठरावीक निघाली तर बाहेरचं काहीतरी आहे, मोटर, मायक्रोवेव्ह, रात्रीचा बॅकअप. मायक्रोवेव्ह वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंधळ घालतो, म्हणून टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर घ्या, आणि तिथेही चॅनल ३६ ते ४८ मधलाच ठेवा, कारण ५२ च्या पुढच्या बऱ्याच चॅनलवर राउटरला रडारसारखं काही जाणवलं तर नियमाने चॅनल सोडावा लागतो आणि मग सगळ्यांचं वायफाय एकदम जातं. २.४ वरच राहावं लागलं तर १, ६ किंवा ११.

ठरावीक वेळ नसेल, पण व्हिडिओ सुरू झाल्यावर दरवेळी थोड्याच वेळात तुटत असेल, तर जेलीफिनच्या डॅशबोर्डवर बघा, डायरेक्ट प्ले लिहिलंय, म्हणजे फाइल आहे तशी जातेय, का ट्रान्सकोड, म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून जातेय. माझ्या डीव्ही फाइल टीव्हीला कळतच नव्हत्या, सर्व्हर त्या जागेवर बदलून पाठवायचा, आणि जुना प्रोसेसर मागे पडला की चित्र अडकणारच, त्याला कनेक्शन तुटलं म्हणायचं नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने सगळ्या एकदाच एच डॉट २६४ या टीव्हीला कळणाऱ्या फॉरमॅटमध्ये करून घेतल्या, डीइंटरलेस करून, म्हणजे जुन्या चित्रातल्या आडव्या रेघा काढून, मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवर तशाच जपून. ब्लू-रेवरच्या चित्ररूपी सबटायटलनेही ट्रान्सकोड सुरू होतं, ती बंद करून बघा.

बराच वेळ कुणी काही बघितलं नाही आणि मग पहिल्यांदा लावताना अडकतं? यूएसबी डिस्क झोपलेली असते, उठायला काही सेकंद घेते. गिगाबिटची वायर असून लिंक १०० वर येतेय? गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात, म्हणजे एखादी तार तुटलीये किंवा टोकाच्या प्लगचं क्रिम्पिंग ढिलं आहे. टीव्हीचं पोर्ट १०० चंच असेल तर मात्र घाबरू नका, बऱ्याच टीव्हींना तेवढंच देतात. सर्व्हरचा पत्ता बदलत असेल तर राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे राउटर त्याला कायम तोच पत्ता देईल, दोन मिनिटांचं काम आहे.

बाहेरगावचं शेवटी, कारण माझी ताई नाशिकहून बघते. राउटरवर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे, पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडणं, कितीही केलं तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. टेलस्केल वापरा, ते दोन घरांतली यंत्रं एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडतं, पण टेलस्केल स्टेटस ही कमांड देऊन कनेक्शन डायरेक्ट आहे का रिले, म्हणजे मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत, ते बघा, रिलेवरून व्हिडिओ रखडतो. आणि ताईकडे जाणारा व्हिडिओ तुमच्या अपलोडवर चालतो, डाउनलोडचा आकडा बघून उपयोग नाही.

हो, संपवतो, दोनच मिनिटं. आज रात्री घरी गेल्यावर सर्व्हरवरून दोन पिंग चालू ठेवा, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का हे सतत विचारणारी कमांड, एक राउटरला, एक टीव्हीला, लिनक्सवर पिंगला हायफन कॅपिटल डी लावलं की प्रत्येक ओळीला वेळ पडते. दोन्ही एकदम थांबले तर सर्व्हरची वायर किंवा स्विच बघा, फक्त टीव्हीचा थांबला तर टीव्हीकडची बाजू, एकही नाही थांबला तर डिस्क आणि ट्रान्सकोड. ती नोंद आणि वही शेजारी ठेवून बघा. केबल टेस्टर मी आणलाय, तिकडे टेबलावर आहे, ज्यांनी घरून वायर आणलीये त्यांनी आधी या, बाकीच्यांनी चहा घ्या.